तालिकेबाहेरचं ज्ञान

आरती प्रभूंच्या कादंबऱ्या हव्यात म्हणून एम.ए.ची विद्यार्थिनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात येते. संगणकावर नाव टाकलं की ‘जोगवा’, ‘दिवेलागण’, ‘नक्षत्रांचे देणे’ हे कवितासंग्रह समोर येतात. कादंबरी एकही नाही. ती परत फिरणार एवढ्यात देवघेवीच्या खिडकीमागचे काका म्हणतात, “अगं, कादंबऱ्या खानोलकर नावाखाली बघ. ‘कोंडुरा’ मागच्या रांगेत आहे, दुसरी बाइंडिंगला गेलीय.” काका नसते तर ती ‘नाही’ हे उत्तर घेऊन गेली असती. ग्रंथ ग्रंथालयात होता, त्याची नोंदही होती. वाचक आणि ग्रंथ यांची गाठ घालून देणारी माहिती मात्र एका माणसाच्या डोक्यात होती. तो माणूस रजेवर गेला की सेवा त्या दिवसापुरती थांबते आणि निवृत्त झाला की कायमची.

महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत माणसांच्या अनुभवातलं असं ज्ञान टिपून ठेवायचं कसं आणि त्यातून सेवा सुधारायची कशी, या प्रश्नावर गेली काही दशकं जगभर विचार झाला आहे. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राच्या चर्चासत्रांत ‘ज्ञान व्यवस्थापन’ हा विषय नेहमी असतो. पण चर्चासत्रातला विषय आणि खिडकीपाशी घडणारं काम यांत फार अंतर राहिलं आहे. निवृत्तीच्या आठवड्यात मुलाखत घेऊन हे ज्ञान हाती लागत नाही, असं माझं मत आहे. प्रश्न विचारला जातो त्याच दिवशी, तिथंच ते नोंदवावं लागतं आणि ज्याचं आहे त्याच्या नावानं नोंदवावं लागतं. पुढचा आढावा याच बाजूनं घेतला आहे.

आधी हे ज्ञान नेमकं कशाचं असतं ते पाहू. खानोलकरांचं उदाहरण टोपणनावाचं होतं आणि मराठीत अशी नावं पुष्कळ. कविता गोविंदाग्रजांच्या, नाटकं राम गणेश गडकऱ्यांची. ‘झेंडूची फुले’ केशवकुमारांची, बाकीचं लेखन आचार्य अत्र्यांचं. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर एकच, ग्रेस आणि माणिक गोडघाटे एकच, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतं. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला किंवा परप्रांतातून आलेल्या संशोधकाला ते ठाऊक असेलच असं नाही. एका लेखकाची सगळी नावं एका नोंदीशी बांधण्याची सोय तालिकाशास्त्रात फार पूर्वीपासून आहे आणि ‘कोहा’सारख्या मुक्त संगणकप्रणालीत ती आयती मिळते. ती भरायला मात्र जाणकार माणूस बसवावा लागतो, आणि अनेक ठिकाणी ती रिकामीच राहिली आहे.

वाचक ग्रंथ कसा मागतो, हेही एक ज्ञानच आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी शीर्षक सांगत नाही. तो म्हणतो, ‘थेराजा द्या’, ‘ग्रेवाल आहे का?’, ‘खुर्मी संपलं का?’ पुण्यातला विद्यार्थी त्यात ‘२०१५ पॅटर्न’, ‘२०१९ पॅटर्न’ अशी अभ्यासक्रमाच्या आराखड्याची भर घालतो. जुन्या पॅटर्नचा विषय राहिलेल्या मुलाला कोणती आवृत्ती चालेल, हे ग्रंथपालापेक्षा कपाटात पुस्तकं लावणारा परिचर अनेकदा जास्त अचूक सांगतो. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याची मागणी निराळी. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये ज्या आयोगापुढे निवेदन दिलं त्याला सगळे ‘हंटर कमिशन’ म्हणतात. तालिकेत मात्र अहवाल भारतीय शिक्षण आयोगाच्या अधिकृत नावानं असतो. कोठारी आयोगाचंही तसंच. १९६४-६६ च्या त्या अहवालाच्या शीर्षकात कोठारींचं नाव नाही. लोकांच्या तोंडचं नाव आणि मुखपृष्ठावरचं नाव यांतला हा दुवा सांगणारा माणूस हाच अनेक ग्रंथालयांतला खरा संदर्भ विभाग असतो.

सगळ्यांत नाजूक ज्ञान संग्रहांच्या इतिहासाचं. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाची मुळं १९०५ मध्ये स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाच्या ग्रंथालयात आहेत. असे संग्रह येतात तेव्हा त्यांची स्वतःची एक रचना असते. कोणत्या विषयासाठी कोणते कागद शेजारी ठेवले होते, कोणत्या पुस्तकाच्या समासात मूळ मालकाची टिपणं आहेत, काय नंतर दुसऱ्या दालनात गेलं, हे संग्रह उतरवून घेताना हजर असलेल्यांना माहीत असतं. संशोधकाला नेमकं तेच हवं असतं. संगणकीय तालिकेच्या मार्क पद्धतीच्या नोंदीत ग्रंथाच्या मालकीचा इतिहास लिहिण्यासाठी ५६१ क्रमांकाचं स्वतंत्र क्षेत्र आहे आणि स्थानिक टिपणांसाठी ५९० पासूनची क्षेत्रं मोकळी ठेवलेली आहेत. म्हणजे जागा आहे, लिहिणारा हवा. याशिवाय पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते, कोणता पुरवठादार मार्चअखेर वेळेवर बिल देतो, कोणता बाइंडर मुखपृष्ठ जपतो, ही व्यवहारातली जाण असतेच.

या सगळ्याला शास्त्रीय चौकट मिळाली ती ग्रंथालयाबाहेरून. मायकेल पोलान्यी यांनी १९५८ आणि १९६६ च्या आपल्या ग्रंथांतून अव्यक्त ज्ञानाची कल्पना मांडली: माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून अधिक तो जाणतो. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये जपानी कंपन्यांच्या अभ्यासातून या ज्ञानाचं चक्र दाखवलं. सहवासातून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं, मग शब्दांत उतरतं, इतर लिखित ज्ञानाशी जोडलं जातं आणि पुन्हा कृतीतून अंगवळणी पडतं. ग्रंथालयशास्त्राच्या कितीतरी प्रबंधांत ही चौकट येते. तिचा उपयोग आहे, पण ती वाचताना चारही टप्पे सारख्याच सोप्या चालीचे वाटतात. प्रत्यक्षात सगळं अडतं ते शब्दांत उतरवण्यापाशी.

त्यावर जास्त उजेड टाकणारं काम ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाचं. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिरांमध्ये राहून त्यांनी पाहिलं की कंपनीच्या जाड पुस्तिकेत न सापडणारे बिघाड हे लोक एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींतून सोडवतात. जेवताना, चहा पिताना, ‘मागे अमक्या ठिकाणी असंच झालं होतं’ अशी गोष्ट निघते आणि तीच शिकवण ठरते. ऑर यांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. झेरॉक्सनं कारागिरांच्या अशा युक्त्या साठवण्यासाठी ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. युक्ती आधी सहकारी तपासत आणि मगच ती सगळ्यांसाठी खुली होई. युक्तीसाठी पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न आला तेव्हा कारागिरांनी युक्तीबरोबर आपलं नाव असण्याला महत्त्व दिलं. आपल्या ग्रंथालयांनी या प्रयोगातून दोन गोष्टी उचलाव्यात: ज्ञान हकिकतीच्या रूपानं घ्यावं, आणि सांगणाऱ्याचं नाव पुसू नये.

खरं तर ग्रंथालयांची स्वतःची परंपराही कमी नाही. वाचकाशी बोलून त्याची गरज समजून घेणं हे ग्रंथपालाचं कामच आहे, असं अमेरिकेतल्या वूस्टरच्या सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्येच मांडलं. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बडोद्याला आणलं. बॉर्डन यांनी लगेच, १९११ मध्ये, प्रशिक्षणवर्ग सुरू केला. बाहेरून आलेला तज्ज्ञ एक दिवस परत जाणार, हे धरून केलेली ती व्यवस्था म्हणता येईल, आणि १९१३ मध्ये ते गेल्यावरही बडोद्याचं काम चालू राहिलं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांची पंचसूत्री १९३१ ची. वाचकाचा वेळ वाचवा हे तिचं चौथं सूत्र आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे हे पाचवं. वाढ म्हणजे ग्रंथसंख्येची वाढ, एवढाच अर्थ आपल्याकडे सहसा घेतला जातो. काम करणाऱ्यांची जाण वाढणं हाही त्याच सूत्राचा भाग आहे, असं मला वाटतं. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची करून १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि नंतर १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा भाग केला. मराठी छापील ग्रंथांबद्दलची विखुरलेली माहिती त्यामुळे कायमची सगळ्यांची झाली. एका ध्यास घेतलेल्या माणसानं संगणकाशिवाय केलेलं हे काम समोर असताना, साधनं नाहीत ही तक्रार आपल्याला शोभत नाही.

साधनं आली तेव्हा काय घडलं, तेही पाहिलं पाहिजे. निकोल्सन बेकर यांनी १९९४ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये कार्डतालिका मोडीत काढण्याविरुद्ध दीर्घ लेख लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या तालिकाकारांनी कार्डांवर हातानं लिहिलेल्या टिपा, दुरुस्त्या आणि परस्परसंदर्भ संगणकीकरणात गळून पडत आहेत, हे त्यांचं दुःख होतं. काहींना ते जुन्याचं वेड वाटलं. पण ज्यांनी मराठी नोंदींचं स्थलांतर हाताळलं आहे त्यांना ते दुःख कळेल. १९९० च्या दशकात आणि नंतरही काही वर्षं मराठी नोंदी त्या काळी उपलब्ध असलेल्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरल्या गेल्या. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. युनिकोडवर येताना मात्र प्रत्येक फॉन्टची संकेतरचना निराळी निघाली आणि शीर्षकांच्या जागी अगम्य चिन्हं उमटली. ज्यांनी रोमन लिपीत नोंदी केल्या होत्या त्यांच्याकडे फडके कधी ‘पीएच’नं सुरू झाले होते, कधी ‘एफ’नं; वामन कधी ‘व्ही’नं, कधी ‘डब्ल्यू’नं. कोणत्या काळात कोणी कोणत्या पद्धतीनं नोंदी केल्या, हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते एखाद्या लिपिकाला आठवत असतं. त्याची आठवण दोन पानांत लिहून घेतली तर हजारो नोंदी दुरुस्त करण्याची वाट मिळते. नाही घेतली तर ते ग्रंथ शोधात येतच नाहीत. वाचकाच्या दृष्टीनं न सापडणारा ग्रंथ आणि नसलेला ग्रंथ यांत काहीच फरक नसतो.

राष्ट्रीय पातळीवर ग्रंथांचं आणि प्रबंधांचं संकलन मोठं झालं, हे मान्य करायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९९१ मध्ये सुरू केलेला आणि गांधीनगरला असलेला ‘इन्फ्लिबनेट’ प्रकल्प १९९६ मध्ये स्वायत्त झाला. त्याची ‘सोल’ ही ग्रंथालयांसाठीची संगणकप्रणाली २००० मध्ये आली आणि २००९ च्या आवृत्तीत युनिकोडमुळे भारतीय भाषांची सोय झाली. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर येऊ लागले. ‘एन-लिस्ट’नं महाविद्यालयांना ई-ग्रंथ आणि नियतकालिकं दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं ६,३०० च्या आसपास सरकारी संस्थांसाठी खुली करण्याचा तिचा हेतू आहे. एवढं मोठं दार उघडल्यावर प्रश्न उरतो तो उंबरठ्याशी असलेल्या मदतीचा. घरून लॉगिन होत नाही, पासवर्डचा ईमेल आला नाही, लेख दिसतो पण उतरत नाही, असे तेच ते प्रश्न शेकडो ग्रंथालयांत रोज वेगवेगळी माणसं शून्यापासून सोडवत बसतात. ग्रंथपालांचे व्हॉट्सॲप गट आहेत आणि त्यांवर उत्तम उत्तरं मिळतात. पण शुभेच्छांच्या चित्रांखाली ती उत्तरं दोन दिवसांत गाडली जातात आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा येतो.

मोजमापाचाही इथे संबंध आहे. अमेरिकेत २००० च्या सुमारास ‘लिबक्वाल’ ही पाहणी सुरू झाली. सेवेतला जिव्हाळा, माहिती स्वतः मिळवण्याची सोय आणि ग्रंथालय ही जागा, अशा तीन अंगांनी ती वाचकाला बावीस प्रश्न विचारते. कार्नेगी मेलन विद्यापीठात बेला कार गर्लिक यांनी संदर्भप्रश्नांसाठी सहा पायऱ्यांची एक श्रेणी तयार केली. उत्तर द्यायला किती कष्ट, कौशल्य आणि ज्ञान लागलं ते तीत नोंदवतात. ‘प्रसाधनगृह कुठे आहे?’ हा प्रश्न खालच्या पायरीवर आणि संशोधकाला दोन-तीन दिवस केलेली मदत वरच्या. आपल्याकडे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात ग्रंथालयाचं संगणकीकरण, ई-साधनं, ग्रंथखरेदीचा खर्च आणि रोज येणाऱ्या वाचकांची संख्या विचारली जात आली आहे. हे आकडे हवेतच. पण ज्या गोष्टीचा आकडा मागितला जातो तिच्याकडेच लक्ष जातं. किती प्रश्न आले, किती सुटले, सुटले नाहीत ते का, ही नोंद मूल्यांकनात आली तर महाविद्यालयं ती ठेवतील.

मग टिपायचं कसं? माझा भर प्रश्ननोंदीवर आहे. देवघेवीच्या खिडकीशी एक वही किंवा संगणकावर एक सामाईक तक्ता ठेवावा. प्रश्न वाचकाच्या शब्दांत, उत्तर कसं मिळालं ते दोन ओळींत, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव. ‘वाचकाच्या शब्दांत’ ही अट महत्त्वाची, कारण पुढचा विद्यार्थीही ‘हंटर’च म्हणणार आहे. पंधरा दिवसांनी ग्रंथपालानं सगळ्यांना बसवून ही नोंद वाचावी. ज्या उत्तराचा संबंध तालिकेशी आहे ते तालिकेत जावं: खानोलकरांच्या नोंदीत आरती प्रभू, आयोगाच्या नोंदीत अध्यक्षाचं नाव. वारंवार येणाऱ्या तांत्रिक प्रश्नाचं एक पान व्हावं, साध्या मराठीत, पडद्याच्या चित्रांसह. ज्याचं काहीच करता येत नाही ते वहीतच राहू द्यावं; उद्या कुणाला तरी लागेल. रोजच्या कामाची पुस्तिकाही हवी, पण ती कपाटात ठेवण्यासाठी लिहिली तर वर्षभरात जुनी होते. नोंदवहीतून वाढत गेलेली पुस्तिकाच टिकते.

सगळं लिहून होत नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. मोडी दस्तऐवज हाताळणं, संकोचलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाच्या अर्धवट प्रश्नातून त्याची गरज ओळखणं, फाटलेला कागद उलटणं, या गोष्टी शेजारी बसूनच येतात. त्यासाठी नव्या माणसाला जुन्या माणसाबरोबर काही महिने काम करू द्यावं लागतं. इथे आपली व्यवस्था आडवी येते. पद रिकामं झाल्यावर भरतीला वेळ लागतो, भरलं तरी पुष्कळदा कंत्राटी माणूस येतो, आणि जाणारा व येणारा यांची भेटच होत नाही. निवृत्तीपूर्वी नियुक्ती करून दोघांना एकत्र काम करू देणं शासनाला आणि संस्थाचालकांना अशक्य नाही. तोवर किमान जुन्या कर्मचाऱ्यांच्या आवाजातल्या हकिकती मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. संग्रहांच्या इतिहासासाठी तर हे तातडीनं करायला हवं.

अडथळा पैशाचा थोडा आणि उतरंडीचा जास्त आहे. ग्रंथालय समितीच्या बैठकीला प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल असतात. दिवसभर वाचकांना सामोरा जाणारा परिचर चहा घेऊन आत येतो आणि बाहेर जातो. त्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही. त्यात आपलं ज्ञान दिलं तर आपली गरज संपेल ही भीतीही असते, आणि कंत्राटावर असलेल्या माणसाच्या बाबतीत ती खोटी म्हणता येणार नाही. ही भीती उपदेशानं जात नाही. टिपणाखाली त्याचं नाव असणं, कामाच्या अहवालात त्याची नोंद होणं, नूतनीकरणाच्या वेळी ती पाहिली जाणं, एवढं झालं तर जाते.

दुसरी काळजी वाचकाच्या बाजूची. प्रश्न टिपताना प्रश्नकर्त्याचं नाव टिपू नये. कोण कोणत्या आजाराविषयी, कायद्याविषयी किंवा विचारसरणीविषयी वाचतो हे ग्रंथालयाबाहेर जाता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. ग्रंथपालाच्या व्यवसायनीतीत ही मर्यादा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर आपोआप उत्तर देणारे यंत्रसंवादक बसवण्याची चर्चा आहे. त्यांना विरोध करण्याचं कारण नाही. पण तुमच्या ग्रंथालयातली दान आलेली कपाटं, तुमच्या विद्यापीठाचे पॅटर्न, तुमच्या नोंदींतल्या चुका यांबद्दल कुठेच लिहिलेलं नसेल तर यंत्र त्यांबद्दल काही सांगू शकणार नाही, किंवा आत्मविश्वासानं चुकीचं सांगेल.

प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना म्हणून एवढीच विनंती आहे. नव्या सत्राची पुस्तकखरेदी ठरवण्याआधी खिडकीशी प्रश्ननोंद सुरू करा, आणि ग्रंथालय समितीच्या पुढच्या बैठकीत परिचराला आणि लिपिकाला खुर्ची देऊन त्या नोंदीवर बोलायला सांगा. ज्यांच्या निवृत्तीला एक-दोन वर्षं उरली आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा.